काटा

गाडी विकताना सेलेस्तीनो म्हणाला होता,
"इंजिन देवमाणूस आहे. काटा तेवढा बोलघेवडा."
नेलिदाने हसून पैसे मोजले, दोनदा.
तिचा मोजण्यावर विश्वास होता.

मागे लसींची पेटी, दोरीने आवळलेली,
समोर पातागोनियाचं पठार,
बुटकी झुडपं, आडवा वारा,
आणि कोसन् कोस विचारणारं कुणी नाही
की बाई, चालली आहेस तरी किती वेगाने.
सहा वर्षं ती काटा म्हणेल ते मानत आली.
ऐंशी म्हणजे ऐंशी.

त्या मंगळवारी रेडिओ बंद पडला,
म्हणून, दुसरं काही नाही,
रस्त्याकडेच्या खांबांवरचे आकडे वाचू लागली.
खांब अकरा. मनगटावरचं घड्याळ. काटा ऐंशीवर घट्ट धरलेला.
खांब बारा.
लागायला हवे होते पंचेचाळीस सेकंद.
लागले एक्कावन्न.
वाऱ्याने खांब हलवला असेल, म्हणून पुन्हा.
एक्कावन्न.
दहा खांब झाले तेव्हा
काचेखालच्या खिडकीत अकरा उलटून गेले होते,
चुकलेलं उत्तर
पहिल्या बाकावरच्या मुलाने ठणकावून सांगावं तसे.

गाडी कडेला घेतली.
नोंदवहीच्या पाठकोऱ्या कागदावर भागाकार मांडला.
ऐंशी नव्हे, सत्तर.
नव्वद हजार नव्हे, साडेएकोणऐंशी.
म्हणजे साडेदहा हजार किलोमीटर
ती गेलीच नव्हती,
आणि त्यांचा भत्ता मात्र
दर महिन्याच्या पाच तारखेला
स्वच्छ अक्षरात सही करून घेतला होता.
मापात पाप,
तेही सरकारी मापात.

आरोग्य कचेरीत रोसेंदोने सगळं ऐकलं,
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"भत्ता कमी पडला तर अर्ज आहे, तीन प्रतींत.
जास्त झाला तर नाही.
आजवर कुणी आलंच नाही ना विचारायला."
मग आवाज खाली आणून,
"पेट्रोलचे भाव किती वेळा वाढले, तेही लिहिलंयस का कुठे?"
तिने लिहिलं नव्हतं.
तरी कागद ठेवून आली. त्याने त्यावर पेला ठेवला.

टायरवाला आव्हेलिनो टेप घेऊन गाडीखाली शिरला
आणि तिथूनच बोलला,
"चाकं बारकी बसवलीत कुणीतरी.
बारकं चाक जास्त गरगरतं,
काट्याला वाटतं, केवढं आलो आपण!"
बाहेर येऊन हात पुसता पुसता,
"तरीच इंजिन टिकलं.
दर खेपेला तेल वेळेआधी बदलत आलीस."
हे मात्र तिच्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

नव्या चाकांचे पैसे नव्हते.
जखमेला लावायची पांढरी पट्टी कापून
तिने काचेवर चिकटवली,
वर पेनाने खरे आकडे:
साठला त्रेपन्न, ऐंशीला सत्तर,
पुढे जागा संपली.
आता खरे ऐंशी हवे असतील
तर काटा नव्वदपार न्यावा लागतो.
डोक्याला पटलंय.
उजवा पाय अजून घाबरतो,
शंभर पावलं मागूनच सैल पडतो.

तरी शुक्रवारी दाबलाच.
झुडपं जरा लगबगीने मागे गेली,
पेटीतल्या बाटल्या किणकिणल्या,
आणि दोन्या एर्मेलिंदाच्या कुंपणाशी
ती पोचली ठरल्या वेळेला, अगदी मिनिटावर.

कुत्रं झोपलेलं.
म्हातारी केस मोकळे सोडून उन्हात बसलेली,
दंडावरची बाही अजून खाली.
घाईघाईने उठत म्हणाली,
"आज लवकर कशी गं?
तू एक म्हणालीस की
मी सव्वाला पाणी ठेवते."